जीर्ण विमानांच्या दर्शनास

यात्रा म्हटली कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें देवस्थानें उभीं राहतात. त्यांतून आम्ही फलटणकर. यात्रेसाठीं गांव सोडण्याचें आम्हांस कारणच पडत नाहीं. श्रीरामाचें मंदिर गांवांतच आहे, महानुभाव पंथाच्या मंडळींस हें स्थान पूज्य आहे, ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर येथें मुक्कामास असते, आणि जबरेश्वराचें जुनें कोरींव देऊळ पाहण्यास लांबलांबचे लोक येतात. असें असतां साठी उलटलेल्या एका निवृत्त शिक्षकानें घरच्या मंडळींस बरोबर घेऊन प्रथम पुण्यास व नंतर गोमंतकांत जावें, आणि तेंहि देवदर्शनास नव्हे तर लढाईंत झिजलेलीं विमानें पाहण्यास, हें ऐकून शेजाऱ्यांस हसूं आलें यांत नवल नाहीं. तथापि जें पाहिलें व ऐकलें तें वाचकांपुढें ठेवण्याजोगें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच केला आहे.

विमान हा शब्द तरी आपणांस कोठें नवा आहे? पुष्पक विमानाची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु शिल्पशास्त्रांत देवालयालाहि, विशेषतः गर्भगृहावर उभारलेल्या भागाला, विमान असेंच म्हणतात. जबरेश्वरासारखीं दगडी देवळें शतकानुशतकें ऊनपाऊस सोशीत उभीं आहेत. उलट माणसानें आकाशांत उडविण्यासाठीं केलेलें धातूचें विमान, निगा राहिली नाहीं, तर करणाऱ्याच्या नातवाच्या हयातींतच भुगा होऊन जातें. जो पदार्थ एवढा बलवान्, तो इतका अल्पायुषी कां असावा, आणि त्याचें आयुष्य वाढविणें शक्य व योग्य आहे काय, हाच आमच्या या प्रवासाचा विषय होता.

प्रवासाचें निमित्त असें घडलें. आमच्या परिचयाच्या कांहीं तरुणांच्या मनांत आलें कीं, सेवेंतून निघालेलें एखादें लढाऊ विमान सरकारकडून मागून आणावें आणि चौकांत चौथऱ्यावर बसवावें. अशीं विमानें शहरांस व शिक्षणसंस्थांस देण्याचा प्रघात आपल्या देशांत आहे. अर्जाची भाषा भारदस्त असावी म्हणून ते आमच्याकडे आले. आम्ही म्हटलें, "अर्ज लिहून देतों, परंतु आणलेली वस्तु पुढें सांभाळावयाची कशी, तें आधीं पाहून येतों."

तोंच आमच्या वहिनी माजघरांतून म्हणाल्या, "भावजी, माणसें मारण्यासाठीं केलेलीं तीं हत्यारें! गंजलीं तर गंजूं द्यावीं. त्यांची पूजा ती कशाला?"

प्रश्न सोपा नव्हता. आम्हीं खंडेनवमीचा दाखला दिला. त्या दिवशीं घरांतली जुनी तलवार, विळी, कोयता, सुरी, सारें पुसून मांडतों तें कोणास मारावयाचें म्हणून नव्हे. वहिनींस तें पटलेलें दिसलें नाहीं, परंतु "मीहि येतें, पाहिल्यावांचून बोलूं नये" असें म्हणून त्याहि निघाल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, वायुदलांत वीस वर्षें यंत्रज्ञ होता व आतां घरीं आहे. तो आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा, अशी चौघांची स्वारी सिद्ध झाली.

फलटणहून पुण्यास जाणारा रस्ता म्हणजे पालखीचाच रस्ता. दिशा मात्र उलटी. लोणंद, नीरा, वाल्हें, जेजुरी, सासवड असें करीत दिवे घाट उतरून आम्ही पुण्यास पोंचलों. घोरपडी भागांत राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. तें १९९८ सालीं उभें राहिलें, आणि त्याचा विशेष हा कीं तें नागरिकांच्या वर्गणींतून झालें. तेथें मिग-२३ बीएन जातीचें लढाऊ विमान मांडलेलें आहे. या जातीच्या विमानांनीं १९९९ सालच्या कारगिलच्या युद्धांत काम केलें, आणि २००९ सालीं त्यांस वायुदलांतून निरोप मिळाला. पक्षी जसा झेप घेतांना पंख आवळतो, तसे या विमानाचे पंख उडत असतां मागेंपुढें करतां येत.

मुलगा धांवत विमानाच्या नाकापुढें जाऊन उभा राहिला. आम्हीहि तिकडेच वळलों, तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, विमानाचें नाक सगळेच पाहतात. तुम्ही पोट पाहा. पाणी कोठें सांचतें, पाखरें कोठें शिरतात, चाकावर भार किती आहे, तें पाहिलें कीं विमानाची कुंडली कळते." पुढच्या साऱ्या प्रवासांत हेंच वाक्य आमच्या कामास आलें.

पुण्याचा आणि जुन्या विमानांचा संबंध याहून पुरातन आहे. लोहगांवचा विमानतळ १९३९ सालीं मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं झाला, आणि दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायरसारखीं विमानें तेथें वावरलीं. परंतु जीर्णोद्धाराचा जो मोठा दाखला पुण्याशीं निगडित आहे तो लढाऊ विमानांचा नव्हे, तर लिबरेटर नांवाच्या चार एंजिनांच्या अमेरिकन बाँबफेक्या विमानांचा. महायुद्ध संपल्यावर हीं विमानें कानपुरास मोडींत टाकलीं होतीं, आणि पुन्हां कोणी उडवूं नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोडहि केली होती. स्वतंत्र भारताजवळ तेव्हां जड बाँबफेकीं विमानें नव्हतीं, विकत घेण्यास पैसाहि नव्हता. १९४८ सालीं बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या लोकांनीं त्या ढिगांतून एकेक सांगाडा उचलला, एकाचा अवयव दुसऱ्यास लावला, आणि उडण्यापुरती डागडुजी करून कॅप्टन जमशेद मुन्शी यांनीं तीं कानपुराहून बंगलोरास उडवीत नेलीं. तेथें तीं नीट दुरुस्त झालीं. अशीं चाळीसांवर विमानें पुन्हां सेवेंत आलीं. त्यांतील कांहीं वायुदलाच्या सहाव्या तुकडीकडे पुण्यास होतीं, आणि १९६८ सालापर्यंत त्यांनीं समुद्रावर टेहळणी केली.

पुढची गोष्ट याहून मनोरंजक आहे. हजारोंनीं बांधलेलीं लिबरेटर विमानें तोंवर इतर देशांनीं वितळवून टाकलीं होतीं. त्यामुळें परदेशांतील संग्रहालयें भारताच्या दारीं आलीं. १९६८ सालीं एक विमान कॅनडास गेलें व त्याच्या बदल्यांत लायसँडर जातीचें जुनें विमान दिल्लीस आलें. १९६९ सालीं एक अमेरिकेंतील ॲरिझोनास गेलें. १९७४ सालीं एक इंग्लंडांत रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयास मिळालें. हीं तिन्हीं आपल्या एंजिनांच्या बळावर उडत गेलीं. ज्यांनीं टाकलें त्यांच्याच घरीं तें पूजनीय होऊन परत गेलें! टाकाऊ ठरलेल्या या वस्तूचा जीव वांचला तो कोणी ती संग्रहांत ठेवली म्हणून नव्हे, तर वीस वर्षें कोणीतरी रोज तिच्या एंजिनांत तेल घातलें म्हणून.

पुण्याहून परत येऊन दोन दिवसांनीं आम्ही गोमंतकाकडे निघालों. सातारा, कराड, कोल्हापूर असें करीत आंबोलीचा घाट उतरलों, आणि सावंतवाडीवरून गोव्यांत शिरलों. आमच्या फलटण भागांत वर्षाकांठीं जेमतेम वीस इंच पाऊस. येथें शंभर इंचांहून अधिक. माड, फणस, लाल माती आणि अंगास चिकटणारी खारी हवा. माणसास ही हवा गोड लागते. धातूस ती विषासमान आहे, हें आम्हांस दुसरे दिवशीं कळावयाचें होतें.

जुवारी नदी ओलांडली कीं दाबोळीचें पठार लागतें. येथील विमानतळाचा आणि पुण्याचाहि एक ऋणानुबंध आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजीं सकाळीं पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरा विमानांनीं या धावपट्टीवर बाँब टाकले व गोवामुक्तीच्या कार्यास आरंभ झाला. त्या वेळीं पोर्तुगीजांचीं दोन प्रवासी विमानें तळावर उभीं होतीं. आपल्या वैमानिकांनीं तीं वांचविलीं, आणि रात्रीं धावपट्टी घाईनें बुजवून तीं दोन्हीं निसटून गेलीं. त्यांतील एक सुपर कॉन्स्टेलेशन जातीचें होतें.

विमानतळाजवळच बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचें विमानसंग्रहालय आहे. १९९८ सालच्या ऑक्टोबरांत तें सुरू झालें. आंतल्या इमारतींत शस्त्रें, यंत्रें, छायाचित्रें व जहाजांच्या प्रतिकृति मांडल्या आहेत. परंतु खरें वैभव बाहेरच्या पटांगणांत आहे. शिरतांच नजर भरते ती सुपर कॉन्स्टेलेशन विमानानें. हें मूळचें एअर इंडियाचें प्रवासी विमान. तेव्हां त्याचें नांव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी. मग तें वायुदलाकडे गेलें, आणि १९७६ सालीं या जातीचीं विमानें नौदलाच्या पदरीं आलीं. गोऱ्या साहेबांस व श्रीमंत उतारूंस घेऊन जाणारी राणी उतारवयांत सागरावर टेहळणीस निघाली, आणि १९८३ सालीं या जातीस विश्रांति मिळाली.

आम्ही ज्यासाठीं आलों होतों तें महायुद्धांतील लढाऊ विमान मात्र आकारानें लहान आहे. त्याचें नांव फायरफ्लाय, म्हणजे काजवा. हें इंग्लंडच्या फेअरी कारखान्याचें दोन बैठकांचें विमान. पुढें वैमानिक, मागें वाट दाखविणारा निरीक्षक. नाकांत रोल्स रॉइसचें बारा नळकांड्यांचें ग्रिफन एंजिन. पंखांत चार तोफा. आणि जहाजावर जागा पुरावी म्हणून दुमडतां येणारे पंख. या जातीचें पहिलें विमान २२ डिसेंबर १९४१ रोजीं उडालें. १९४४ सालीं नॉर्वेच्या खाडींत लपलेल्या टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यांत, आणि १९४५ च्या जानेवारींत सुमात्रांतील जपान्यांच्या ताब्यांतील तेलाच्या कारखान्यांवरील हल्ल्यांत या विमानांनीं भाग घेतला. भारतीय नौदलाकडे तीं आलीं तीं मात्र लढण्यासाठीं नव्हेत. लांब दोरानें मागें एक निशाण ओढीत जावयाचें आणि जहाजांवरच्या गोलंदाजांनीं त्यावर नेम धरण्याचा सराव करावयाचा, हें त्यांचें काम.

हें ऐकून वहिनी प्रथमच हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यासारखेंच कीं भावजी! उमेदींत लढले आणि उतारवयांत शिकवण्या धरल्या."

त्याच्या शेजारच्या सी हॉक विमानापाशीं मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. हें हॉकर कंपनीनें आंखलेलें, जहाजावरून उडणारें जेट विमान. त्याच्या पोटांतून धुराचा झोत सरळ शेपटीकडे न जातां दुभंगून दोन्हीं पंखांच्या मुळांशीं बाहेर पडतो, हें त्याचें वैशिष्ट्य. १९६० सालीं या विमानांची 'पांढरे वाघ' नांवाची तुकडी आपल्या नौदलांत उभी राहिली, आणि ४ डिसेंबर १९७१ रोजीं विक्रांत जहाजावरून उडून याच विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव येथें हल्ले केले. वहिनींचें माहेर गिरगांवांतलें. त्या वेळीं त्या शाळेंत होत्या. खिडक्यांच्या कांचांस काळे कागद चिकटविलेले, रस्त्यावर दिवा नाहीं, आणि भोंगा वाजला कीं जिन्याखालीं बसावयाचें. "बाबा म्हणायचे, विक्रांत आहे, निजा स्वस्थ," त्या म्हणाल्या. विक्रांत त्या वेळीं मुंबईस नसून बंगालच्या उपसागरांत होतें, असें आम्हीं सुचविलें. त्या म्हणाल्या, "असेल. आम्हांला नांव पुरेसें होतें." मग पदराच्या टोकानें त्यांनीं विमानाच्या चाकाच्या कडेवरची धूळ पुसली. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही देण्याची गरज उरली नाहीं.

आतां पुतण्यानें सांगितलेली शास्त्रीय बाजू थोडक्यांत देतों. कारण घरांत तांब्यापितळेचीं भांडीं बाळगणाऱ्या प्रत्येकास ती उपयोगी आहे. शुद्ध अल्युमिनियम मऊ असतें, पण तें फारसें खराब होत नाहीं. विमानास बळकटी हवी म्हणून त्यांत तांब्याचा अंश मिसळतात. त्यानें बळकटी येते, पण खाऱ्या पाण्यापुढें तो मिश्र धातु दुबळा होतो. म्हणून पत्र्याच्या दोन्हीं अंगांस शुद्ध अल्युमिनियमचा पातळ थर देतात. हा थर कोठें खरवडला गेला कीं आंत रोग शिरतो. मग धातु फुगून त्याचे पापुद्रे सुटतात, थेट चिरोट्यासारखे. वरून रंग ताजा दिसतो, आणि बोट दाबलें तर पांढरी पूड हातीं येते! जेथें पोलादी खिळा अल्युमिनियमच्या पत्र्यास भिडतो तेथें खारट ओलाव्यानें एक लहानशी विजेची घटमालाच तयार होते, आणि पत्रा खिळ्याभोंवतीं झिजत जातो. वैमानिकाच्या डोक्यावरचें पारदर्शक आच्छादन उन्हानें तडकतें व डोळ्यांत मोतीबिंदू यावा तसें दुधाळ होतें. रबरी धांवा वर्षानुवर्षें भार सोसून फाटतात.

यावर उपाय आहेत, आणि ते खर्चाचे कमी, चिकाटीचे अधिक आहेत. एक, विमान चाकांवर न ठेवतां आधारावर उचलून ठेवावें. दोन, पोटाखालचीं पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं. बहुतेक विमानें पावसानें मरत नाहींत, आंत सांचलेल्या पाण्यानें मरतात. तीन, एंजिनाचीं व धुराचीं तोंडें झांकावीं, नाहींतर पारवे घर करतात, आणि त्यांची विष्ठा धातूस आम्लाप्रमाणें खाते. चार, ठराविक दिवसांनीं गोड्या पाण्यानें धुवून, पुसून, सांध्यांत तेल सोडावें. पांच, रंगावर रंग चढवूं नये. जुना रंग उतरवून खालचा पत्रा पाहावा आणि मगच नवा द्यावा. आणि साऱ्यांवर मुख्य उपाय एकच, तो म्हणजे छप्पर. जुनीं विमानें अमेरिकेंत ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशांत टिकून राहतात तीं तेथील कोरड्या हवेमुळें. दाबोळीसारख्या ठिकाणीं उघड्यावर एवढीं विमानें उभीं आहेत, यावरून तीं सांभाळणाऱ्यांच्या श्रमाची कल्पना करावी.

जीर्णोद्धाराचे जगांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, वस्तु जशी हातीं आली तशीच ठेवा. तिच्यावरचा ओरखडाहि इतिहास आहे. दुसरा म्हणतो, विमान उडलें तरच तें विमान. या दुसऱ्या पंथाची करामत थक्क करणारी आहे, आणि तिच्यांत आपल्या देशाचा मोठा भाग आहे. टेंपेस्ट नांवाचें एक बलाढ्य लढाऊ विमान महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडांत झालें. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचीं विमानें भारतानें घेतलीं, आणि १९४७-४८ च्या काश्मीरच्या युद्धांत स्पिटफायरांबरोबर तीं लढलीं. त्याच युद्धांतील कामगिरीबद्दल पुढें वायुसेनाप्रमुख झालेले हृषीकेश मुळगांवकर यांस महावीरचक्र मिळालें. जेट विमानें आल्यावर टेंपेस्ट मागें पडलीं. कित्येक वर्षें त्यांचे सांगाडे विमानतळांच्या कडेला गवतांत पडून होते, आणि १९७७ ते १९७९ च्या सुमारास इंग्लंडांतील हौशी लोकांनीं ते विकत नेले. त्यांतील एक विमान चाळीसांहून अधिक वर्षांनीं, २०२३ च्या ऑक्टोबरांत, इंग्लंडांत सायवेल येथें पुन्हां उडालें! आज जगांत या आवृत्तीचीं जीं थोडीं विमानें उरलीं आहेत तीं बहुतेक आपल्याच देशांतून गेलेलीं किंवा दिल्लीस पालमच्या वायुदल संग्रहालयांत राहिलेलीं.

अशा विमानाचा प्रत्येक अवयव सुटा करून त्यावर क्रमांक घालतात, तडे शोधतात, जुन्या आराखड्यांवरून नव्या तुळया व नवे पत्रे घडवितात. शेवटीं जें उडतें त्यांत मूळचें किती, हा प्रश्न उरतोच. नैयायिकांस विचारलें तर ते म्हणतील, अवयव बदलला कीं जुना अवयवी नष्ट झाला व नवा उत्पन्न झाला. परंतु मार्गशीर्षांत फलटणास श्रीरामाचा रथ निघतो तेव्हां त्याचें कोणतें लांकूड किती जुनें, हें कोण विचारतो? रथ चालता राहिला पाहिजे, हीच भाविकांची इच्छा. आमच्या अल्पमतीस असें वाटतें कीं ज्याच्याजवळ द्रव्य व कसब आहे त्यानें उडवावें. आपल्या वायुदलानेंहि जुनीं टायगर मॉथ व डकोटा विमानें अशींच पुन्हां उडतीं केलीं आहेत. ज्याच्याजवळ तें नाहीं त्यानें वस्तु कोरडी, स्वच्छ व खरी ठेवावी. दोन्हीं मार्ग सन्मान्य आहेत. निंद्य आहे तो तिसरा, म्हणजे समारंभानें बसविणें आणि विसरणें.

या तिसऱ्या मार्गाचें फळ काय होतें तें मुंबईनें पाहिलें आहे. ज्या विक्रांतवरून सी हॉक उडालीं तें जहाज १९९७ च्या जानेवारींत सेवानिवृत्त झालें. पुढें तें मुंबईच्या बंदरांत तरतें संग्रहालय झालें, त्याच्या पाठीवर जुनीं विमानें मांडलीं, आणि शाळांचीं मुलें रांगा लावून तें पाहून गेलीं. त्याचा सांभाळ कोणी व कोणत्या पैशानें करावा याचा खल वर्षानुवर्षें चालला, आणि समुद्राचें पाणी आपलें काम करीत राहिलें. २०१२ सालीं जहाज धोक्याचें ठरून बंद झालें. २०१४ सालीं त्याचा लिलाव झाला. वांचविण्यासाठीं लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण उपयोग झाला नाहीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखान्याच्या किनाऱ्यावर तें तोडावयास घेतलें. त्याच्या धातूचा अंश घालून पुण्याच्या बजाज कंपनीनें २०१६ सालीं एक मोटारसायकल काढली, आणि मुंबईंत त्याच धातूचें एक स्मारक उभें राहिलें. २०२२ सालीं विक्रांत याच नांवाचें नवें जहाज नौदलाच्या सेवेंत आलें, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु जुन्या जहाजाची पाठ, जिच्यावरून ४ डिसेंबरला विमानें झेंपावलीं, ती आतां कोणासहि पाहतां येणार नाहीं. शत्रूस जें साधलें नाहीं तें आमच्या दिरंगाईनें साधलें.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस ही गोष्ट समजावून सांगावयास नको. आजोबांची पोथी सर्वांची असते. म्हणूनच तिला वाळवी लागते. थोरला म्हणतो धाकटा पाहील, धाकटा म्हणतो घर थोरल्याचें. जी वस्तु सर्वांची, तिच्यासाठीं एका माणसाचें नांव ठरलेलें असावें लागतें. आमच्या तरुण मित्रांस आम्हीं हेंच सांगितलें. अर्जांत तीन कलमें घालावीं. विमानावर छप्पर बांधूं. दरसालच्या निगेची रक्कम आधीं जमवून बँकेंत ठेवूं आणि ती कोण पाहील त्याचें नांव लिहूं. आणि विमानापुढें त्याचा खरा इतिहास लावूं, तें कोठें लढलें व कोठें लढलें नाहीं तोहि. आमच्या प्रांताची कोरडी हवा ही देवाची देणगी आहे, तेव्हां निम्में काम आपोआप झालेलें आहे. उरलेलें निम्में माणसांचें. अर्ज लिहून तयार आहे. छपराच्या खर्चाचा अंदाज ऐकून मंडळी विचारांत पडली आहेत, आणि तसें पडणें हें आम्ही शुभचिन्ह समजतों.

वाचकांपैकीं जे गोमंतकांत देवदर्शनास किंवा समुद्र पाहण्यास जातील त्यांनीं बोगमाळोच्या रस्त्यावर दोन घटका अवश्य काढाव्या, आणि मुलांस बरोबर न्यावें. पावसाळ्यानंतरचे दिवस बरे. तेथें गेल्यावर मुलांस नाकापुढें उभें करून छायाचित्र घ्यावें, त्यास हरकत नाहीं. परंतु मग त्यांस खालीं वाकवून पोट दाखवावें, पाण्याचीं छिद्रें शोधावयास सांगावीं, आणि हें सारें रोज कोण पुसतें असें विचारावें. पराक्रमाच्या कथा मुलांस पुष्कळ ठाऊक असतात. पराक्रम झाल्यानंतर पन्नास वर्षें फडकें घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांची ओळख त्यांस आपणच करून द्यावयास हवी.